गौराबाईच्या लुगड्यावरचा शिक्का

सखारामजी,

तुम्ही गेलात त्याला आज सोळावा दिवस. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले. सोसायटीच्या फळ्यावर तुमच्या जाण्याची बातमी लिहिली होती, ती काल कोणीतरी पुसून तिथे सुताचा नवा भाव लिहिला. मी पाहिलं आणि आत गेलो. भाव लिहायला हवाच होता. पंचमंडळानं तुमच्या खुर्चीवर तात्पुरतं मला नेमलंय, पण तिथे बूड टेकत नाही. उभ्या-उभ्या सह्या करतो, खिडकीशी जातो, परत येतो. पावत्या लिहिणाऱ्या सुशीलाबाई परवा म्हणाल्या, "मनोहरबाबू, बसा तरी. आमाले पाहूनच थकवा येऊन राह्यला." बसलो. पुन्हा उठलो.

आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय, हे त्याचं कारण. चार वर्षं चाललेलं भांडण. त्यातून तावातावानं उठून जायची सवय माझी होती, तुमची नव्हे. तुम्ही कायम बसलेले असायचे. या खेपेला मात्र तुम्हीच उठलात, आणि मी मधल्या वाक्यावर अडकून पडलोय.

शोकसभेत वक्ते तुम्हाला ऋषितुल्य म्हणाले. रोज दुपारी माझ्या डब्यातली सांबारवडी न विचारता उचलणारा माणूस ऋषितुल्य असेल तर असो, मी कशाला आड येऊ? पण पुढे एक जण म्हणाले की सखारामजींनी आपल्या हाताखालचा एकेक माणूस घडवला. घडवलंत हे खरं आहे. पण कोणाच्या जिवावर घडवलंत, यावरच तर मी तुमच्याशी भांडत होतो.

आणि आता तेच भांडण माझ्या गळ्यात आलंय. राजधानी नागपुरातून गेली, साहेबलोक गेले, मेळ्याची तिकिटं घेणाऱ्या त्यांच्या बायका गेल्या. पंचमंडळ विचारतंय, आपला आनंदमेळा यंदा भरवायचा, की कायमचा बंद करायचा? उत्तर मी द्यायचं. तुमच्या तोंडावर मी कितीदा तरी म्हणालो होतो की बंद करा हा खेळ. आता पंच स्वतःहून तेच सुचवतायत, तर माझ्या तोंडून हो निघत नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून एकदा आठवू द्या. कुठे काय चुकलं ते सापडत नाही तोवर माझे पाय थांबायचे नाहीत.

आपली सोसायटी विणकरांची. त्यांना सूत द्यायचं, विणलेली लुगडी घ्यायची, तपासायची, विकायची. तुम्ही व्यवस्थापक, मी कापड तपासणारा, बाकी दहा जण. कापसाचे बारीक तंतू वर्षानुवर्षं छातीत जाऊन आपले कितीतरी विणकर छातीच्या दवाखान्याच्या खाटेवर पोचायचे. त्यांच्या दुधा-औषधाची सोय व्हावी म्हणून हिवाळ्यात मेळा भरवायचा, ही कल्पना तुमची. पंचांना ती लगेच पटली. त्यांना न सांगितलेलं अर्धं तुम्ही मला सांगितलंत, इतवारीच्या रस्त्यानं घरी जाताना.

"दूध तं भेटनच त्याईले," तुम्ही म्हणालात. "पन आपले हे मानसं पाह्य. सांगतलेलं काम चोख करतेत. न सांगतलेलं एक बी करत नाही. उद्या मी नसलो तं कसं व्हइन गा?"

"म्हणून मेळा?"

"दुकानात चूक झाली तं नुसकान होते, म्हनून तिथं कोनी हात पाय हालवत नाही. मेळ्यात हालवू दे. मागावर बसल्याबिगर पाय चालत नाही."

आणि मग तुम्ही तो जगावेगळा नेम काढलात. मेळ्याचा प्रमुख दर वर्षी नवा. मेळ्याच्या आधीचा महिनाभर तो तुमच्या खुर्चीवर बसणार आणि तुम्ही त्याच्या जागी, त्याचं काम करणार. त्याच्या हुकुमात कोणी लुडबूड करायची नाही, अगदी तुम्हीसुद्धा. त्यातून प्रमुख निवडायची तुमची तऱ्हा उलटी. जो पुढे येईल त्याला मागे ठेवायचं आणि जो भिंतीला पाठ लावून उभा असेल त्याला ओढून आणायचं.

पहिल्या वर्षी डोमाजीला बसवलंत. डोमाजी तेव्हा शिपाई. अक्षरओळख नाही, सात पिढ्या तांडापेठेत माग चालवण्यात गेलेल्या. दोन दिवस तो खुर्चीच्या काठावर बसला, जणू कोणी हाकलायला येणार आहे. तिसऱ्या दिवशी पाठ टेकली. तुम्ही महिनाभर माठ भरलेत, गठ्ठे उचललेत, पंच आले तेव्हा त्यांच्यापुढे पाण्याचे पेले धरलेत, आणि पंचांना पाणी घशाखाली उतरेना. डोमाजीनं एक अक्षर न लिहिता कोणत्या घरी किती तिकिटं दिली ते सगळं डोक्यात ठेवलं. एक तिकीट इकडचं तिकडे झालं नाही. मेळा संपल्यावर तो पुन्हा स्टुलावर बसायला निघाला, तर तुम्ही त्याला सुताच्या गोदामाची किल्ली दिलीत.

दुसऱ्या वर्षी सुशीलाबाई. पावत्या लिहायच्या, आणि कोणी काही विचारलं तर मानेनं उत्तर द्यायच्या. नवरा गेल्यापासून त्यांचा आवाज आम्ही ऐकलाच नव्हता. त्या महिन्यात पावत्या तुम्ही लिहीत होता आणि त्या तुमच्या पावत्या परत करत होत्या. "अक्षर लागत नाही, पुन्हा लिहा." मेळ्याच्या दिवशी दंडार खेळणारी मंडळी उशिरा आली, तेव्हा बाईंनी त्यांना भर मैदानात असं काही सुनावलं की ढोलकीवाल्यानं कानाला हात लावला. तुम्ही कनातीमागे उभे राहून हसत होता. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते दिसलं होतं, सांगितलं नाही एवढंच.

हे सारं मी विसरलेलो नाही. तुमच्यावर चिडताना मी ते बाजूला ठेवायचो, कारण दोन्ही गोष्टी एका हातात मावत नव्हत्या.

तिसऱ्या वर्षी तुम्ही माझं नाव घेतलंत. मला आश्चर्यच वाटलं. मी काही भिंतीला पाठ लावणारा नव्हतो, तोंडाचा पट्टा तर सगळ्या ऑफिसला माहीत. मी विचारलं, माझ्यात काय कमी दिसलं?

"तुले बोलता येते. ऐकता येत नाही," तुम्ही म्हणालात.

मला ते झोंबलं. मनात म्हटलं, थांबा, दाखवतोच. तिकिटांच्या पुढचं काहीतरी करायचं म्हणून मी कल्पना काढली की प्रत्येक विणकराच्या घरून एक वस्त्र दान घ्यायचं आणि मेळ्यात विकायचं. लोकांनी मनापासून दिलं. लुगडी आली, धोतरजोड्या आल्या, उपरणी आली. कोणी काठाला रेशीम घातलं होतं, कोणी पदरावर रात्रंदिवस डोळे फोडले होते. माझी छाती फुगली. घेणाऱ्या सगळ्या सिव्हिल लाईन्समधल्या साहेबांच्या बायका, त्यांच्या हाती डागी माल गेला तर सोसायटीचं नाक कापलं जाईल, असं मला वाटलं. मी तुमच्या खुर्चीवरून हुकूम सोडला, दान आलेलं सगळं कापड तपासणीच्या मेजावरून जाईल. चांगलं ते पुढच्या टेबलावर. खोट निघेल त्याच्या पदरावर 'दुय्यम'चा शिक्का, आणि ते मागच्या टेबलावर, कमी भावात.

तपासणीचं मेज माझं होतं, म्हणून त्या महिन्यात तिथे तुम्ही होता. माझं भिंग तुमच्या हातात, शाईची गादी तुमच्यापुढे. "जी," म्हणालात. डोमाजी एकेक वस्त्र आणून पसरायचा, तुम्ही ते उजेडाकडे धरायचे. पाच-सहा वस्त्रांवर तुम्ही शिक्का मारलात. त्यांतलं एक लुगडं गौराबाईचं होतं.

रोजच्या मालावर तो जांभळा शिक्का पडला तर विणकर मुकाट्यानं दोन पैसे कमी घेतो. तो धंदा आहे, त्याचा राग कोणी धरत नाही. पण हे दान होतं. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. आठ वर्षं मी कापड दिसलं की आधी खोट शोधत आलो होतो. माझा बाप मागावरून उठून उमरेडला शाळामास्तर झाला, मी कधी मागावर बसलोच नाही. कापडाच्या पाठीमागे कोण बसलेलं असतं ते मला नुसतं ऐकून ठाऊक होतं.

आणि गौराबाई म्हणजे काय, ते तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिचा नवरा त्याच दवाखान्यात गेला. तो गेल्यावर ती त्याच्या मागावर बसली, त्या वयात, आधी कधी सुताच्या कांड्या भरण्यापलीकडे काही न केलेली. हात बसायला वेळ लागतोच. कुठे तार तुटायची, कुठे काठ ओढला जायचा. नवऱ्याला शेवटी दूध मिळालं नाही, म्हणून तिनं ते लुगडं इतरांच्या दुधासाठी दिलं होतं. आपण त्यावर शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडापेठेतल्या बाया आल्या. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. एकेकीनं आपापलं वस्त्र हुडकलं, घडी केली, काखेत घातलं आणि निघून गेली. शिक्का नसलेलीसुद्धा. तासाभरात दोन्ही टेबलं रिकामी झाली. मी तुमच्या खुर्चीवर बसून पाहत होतो, आणि पाहता पाहता तुमच्याकडे वळलो. तुम्ही भिंग पुसत होता.

"साहेब," तुम्ही मला विचारलंत, "पुढं काय कराचं?"

तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, या माणसाला सगळं आधीपासून दिसत होतं. हा थांबवू शकला असता. मला धडा मिळावा म्हणून यानं हात आखडला. आणि हात तरी कुठे आखडला, स्वतःच्या हातानं शिक्का मारला.

मग मी दारोदार गेलो. तुम्ही सांगितलं नाहीत, मी गेलो. तांडापेठेत विणकराच्या दारात उभं राहिलं की आत माग चालू असतो, आणि चालत्या मागावरचा माणूस कोणासाठी मान वर करत नाही. उभं राहायचं. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याला वाटेल तेव्हा तो थांबणार.

"काय काम हाये?"

"माफी मागायला आलोय."

"मायं धोतर तं पुढच्या टेबलावर होतं. माही काहून मांगता? गौराबाईची मांगा."

प्रत्येक दारी हेच. गौराबाईच्या दारी मी तीन दुपारी उभा राहिलो. तिनं माग थांबवला नाही. एकदाही नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, "जाय बाबू आता, पाहून घेतलं आमी." संध्याकाळपासून वस्त्रं परत यायला लागली. मेळा झाला, चांगला झाला, दवाखान्याला मदत पोचली. लोक म्हणाले, मनोहर बदलला. खरंच बदललो. तोवर मी कोणाच्या दारात असा गप्प उभा राहिलेला नव्हतो.

मेळ्याला गौराबाई आली होती. तेच लुगडं नेसून. पदर असा घेतला होता की जांभळा शिक्का नेमका खांद्यावर, सगळ्यांना दिसेल असा. ती पुढच्या टेबलापासून शेवटच्या खाऊच्या दुकानापर्यंत सावकाश चालत गेली, कोणाशी बोलली नाही, आणि निघून गेली. त्या दिवसापासून मला तो खांदा दिसतो. जेवतानाही दिसतो.

संध्याकाळी मैदान आवरताना मी तुम्हाला विचारलं, "तुम्हाला दिसलं नव्हतं?" तुम्ही जरासे हसलात. "साहेबाचा हुकूम होता गा." त्या हसण्यानं माझी खात्रीच पटली.

पुढे तुम्ही मला मदतनीस केलंत. दर वर्षी नवा प्रमुख, नवा खुर्चीबदल, आणि दर वर्षी माझं तुमच्याशी तेच भांडण. मी म्हणायचो, माणूस शिकावा म्हणून त्याला चुकू द्या, कबूल. पण चूक त्याच्या अंगावर पडू द्या, तिसऱ्याच्या नको. त्या बाईनं काय घोडं मारलं होतं? तुम्ही ऐकून घ्यायचे. कधी पान लावायचे, कधी खिडकीबाहेर पाहायचे. उत्तर द्यायचे नाहीत, आणि तुमच्या गप्प बसण्याला मी शहाणपण समजत आलो. तुमच्यावर सूड म्हणून मी एक करत होतो, तुमचा नेम मोडून दर वर्षीच्या प्रमुखाला गुपचूप बाजूला घ्यायचो आणि कुठे काय दुखेल ते सांगायचो. तुम्हाला ते कळत होतं का? मला वाटतं कळत होतं. माझी पाठ वळली की तुम्ही मुद्दाम गोदामाकडे निघून जायचे.

आता तेरवीचं ऐका.

तुमच्या अंगणात पंगत उठली होती. मी हातात पाण्याची कळशी घेऊन उगाच फेऱ्या मारत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून हाक आली. "ए बाबू. तूच ना थो, शिक्केवाला?" गौराबाई. चार वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलत होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलाय, माग आता सून चालवते.

मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. म्हणालो, "मावशी, माझं चुकलं होतं."

"माहीत हाये. सखारामनं सांगतलं होतं." ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "त्याच दिवशी आला होता थो मायाकडं. म्हने, हुकूम पोराचा होता, पन हात माहा होता, गौराबाई. लुगडं उजेडाले धरलं, तुटली तार दिसली, अन् हात आपोआप शिक्क्यावर गेला. कोनाचं हाये, काहाले देल्लं हाये, ध्यानातच नाही आलं. उभा जलम हेच केलं म्हने मीनं, कापड दिसलं का खोट पाहाची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतोय. "ध्यानात नाही आलं, असं म्हणाले?"

"मंग काय खोटं सांगून राह्यली? दर सालले येत जाये थो, मेळ्याच्या आंधी. मी लुगडं देत नव्हती, थो मांगत बी नव्हता. वसरीवर बसे, पानी पिये, अन् जाये."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मीनं बी इचारलं. लाज वाटते म्हने. थो मनोहर मले लय सयाना समजते म्हने, का मीनं जानून केलं. औंदा सांगतो, औंदा सांगतो, असंच करत राह्यला." मग ती म्हणाली, "मानूस चांगला होता. भित्रा होता जरासा."

सखारामजी, कळशी माझ्या हातातच होती. तुमच्या मुलानं येऊन ती घेतली, तेव्हा मला ते लक्षात आलं.

म्हणजे काही धडा नव्हता. हात आखडला नव्हता, खेळी नव्हती, शहाणपण नव्हतं. तुम्ही चुकलात, माझ्यासारखेच, त्याच क्षणी, त्याच कारणानं. आणि चार वर्षं मी तुम्हाला निर्दय गुरू ठरवून तुमच्याशी भांडलो, आणि तुम्ही मला तसं ठरवू दिलंत. चुकलेल्या माणसापेक्षा निर्दय माणूस दिसणं तुम्हाला परवडलं? मला राग येतो. असा येतो की तुम्ही समोर असता तर तुमचा पानाचा डबा खिडकीबाहेर फेकला असता. आणि लगेच वाटतं, गौराबाईच्या ओसरीवर पाणी पिऊन मुकाट उठणारा माणूस मला एकदा तरी दिसायला हवा होता. त्या माणसावर माझा जीव जडला असता. तुमच्या शहाणपणाचा मला धाकच वाटत आला.

आपली शेवटची भेट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. तुम्ही जायच्या चार दिवस आधी, मेळा बंद करायचा का, असं विचारणारं पंचांचं पत्र आलं त्या दुपारी. मी पत्र मेजावर आपटलं आणि म्हणालो, "बरंच झालं. तुम्ही माणसं घडवत नाही, माणसं खर्ची घालता. गौराबाईला खर्ची घातलीत, मला शिकवायला." तुम्ही चष्मा काढलात. तुमचा चेहरा चष्म्याविना किती उघडा दिसायचा. म्हणालात, "मनोहर, बस जरा. थ्या लुगड्याचं मले तुले..." आणि मी म्हणालो, मला आता कीर्तन नको. पायऱ्या उतरून सरळ रस्त्यावर आलो. पुढचे तीन दिवस तुमच्या खोलीकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी निरोपच आला.

तुम्ही म्हणाला होता ना, ऐकता येत नाही मला. तुम्ही एवढ्या एकाच गोष्टीत बरोबर निघावं, याचा सल जात नाही.

आज सकाळी मी सगळ्यांना तुमच्या खोलीत बोलावलं. म्हटलं, मेळ्याचं उत्तर द्यायच्या आधी एक सांगायचंय. मग सगळं सांगितलं. हुकूम माझा होता, शिक्का सखारामजींचा होता, आणि दोघांपैकी कोणालाच ते उमगलं नव्हतं. त्यांनी जाणूनबुजून केलं असं मी चार वर्षं सगळीकडे बोलत आलो, ते खोटं होतं. तुमची लाज मी अशी चारचौघांत उघडी केली, त्याची माफी मागत नाही. तुम्हीच उघडी करायला हवी होती.

सुशीलाबाई दौतीचं झाकण फिरवत राहिल्या. मग डोमाजी उठला. आता गोदाम सगळं तोच पाहतो, केस पांढरे झालेत, पण मोठ्यानं बोलायची सवय अजून नाही.

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"थे लुगडं गौराबाईचं हाये, हे. मायाच शेजारी राहते थे. मीनंच आनून पसरलं होतं. सखारामजीचा हात शिक्क्याकडं गेला, तवा माह्या तोंडाशी आलं होतं, का नोका मारू."

"मग बोलला काहून नाही, डोमाजी?" हे 'काहून' माझ्या तोंडून आपसूक निघालं, माझ्या आईच्या बोलीतलं.

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्या खुर्चीकडे. "तुमी दोघं बी शिकेल मानसं. मले वाटलं, तुमाले ठाऊक असन. मायापेक्षा काही जास्तीचं ठाऊक असन."

मेळा भरणार आहे, सखारामजी. पंचांना तसं कळवलं. यंदा प्रमुखाच्या हुकुमावर कोणीही, कधीही, न विचारता बोलायचं असं ठरलंय, आणि ठरल्या ठरल्या तीन जणांनी माझी खरडपट्टी काढली, ती मला आवडली नाही. पण आत्ता ते सोडा. मला वाटत होतं तुम्हाला कळलंय. डोमाजीला वाटत होतं आपल्या दोघांना कळलंय. आणि ज्याला कळलं होतं तो तुमच्या उजव्या हाताशी उभा होता. पहिल्या वर्षी तुम्हीच खुर्चीवर बसवलेला, तुम्हीच घडवलेला माणूस. त्या शिक्क्यानंतर चार वर्षं तो रोज माझ्यासमोर किल्ली टांगायचा आणि घरी जायचा, तिच्याच शेजारी.

मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. आज विचारलं, आणि ऐकायला तुम्ही नव्हता.